रडणाऱ्या बाईला आधी कारण विचारा

मी मोडनिंबला राहते. आमच्या भागात ख्रिस्ती घरे थोडी आणि विखुरलेली. एका गावात चार, दुसऱ्या गावात सात. त्यामुळे संजीवन सभा असल्या की माढा, कुर्डुवाडी, पंढरपूर या बाजूंनी माणसे एसटीने, जीपने, मोटारसायकलवर येतात. मांडव, सतरंज्या, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मागे मोठ्या पातेल्यात भात शिजतोय. असे तीन दिवस चालते.

मागे झालेल्या अशाच एका सभेची गोष्ट सांगते. गाव आणि मंडळी कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एकाच मंडळीचे दुखणे नाही. दुसऱ्या रात्री बाहेरून आलेले वक्ते पश्चात्तापावर बोलले. ज्यांच्या मनाला टोचणी लागली असेल त्यांनी पुढे यावे, असे ते म्हणाले. पुढे गेल्या त्या जवळजवळ सगळ्या बायकाच. त्यांत आमच्या ओळखीची एक होती. तिशीच्या आतली, दोन लेकरांची आई. नवरा दारू पितो, मारतो. आठ महिन्यांपूर्वी मनगटाचे हाड मोडले तेव्हा ती लेकरे घेऊन माहेरी गेली होती. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी समजूत घालून तिला परत आणले.

त्या रात्री तिने माईकवर साक्ष दिली. मी नवऱ्याचे घर सोडले, माझ्या मनात राग होता, मी क्षमा केली नाही, देवाने मला क्षमा करावी, असे ती हुंदके देत म्हणाली. सगळ्या मांडवाने "हालेलुया" म्हटले. वक्त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नवरा पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसला होता. तो उठला नाही. त्याला कोणी उठवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना ती माझ्याशेजारी होती. म्हणाली, "ताई, रडल्यावर लई हलकं वाटलं बघा. पर मी काय केलं हुतं?"

हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

दुःख वेगळे, पाप वेगळे

चर्चच्या आयुष्यात दुःख, पश्चात्ताप आणि आनंद अशी एक वाट सांगितली जाते. आधी मन मोडते, मग माणूस आपले चुकले म्हणून कबूल करतो, मग क्षमेचा आनंद मिळतो. ही वाट खोटी नाही. मी स्वतः तिच्यावरून चालले आहे. प्रश्न असा, की बाईच्या बाबतीत पहिल्या पायरीवरच गफलत होते. बाई रडताना दिसली की ती पापासाठीच रडते आहे असे गृहीत धरले जाते. मार खाल्लेली, टाकलेली, मूल गेलेली, कर्जाने पिचलेली बाई रडते ते तिच्यावर काही गुदरले म्हणून. तिने काही केले म्हणून नव्हे. पण तिचे दुःख आपण चटकन उचलतो आणि पश्चात्तापाच्या खात्यात टाकतो. मग ज्याने दुःख दिले त्याचे खाते कोरेच राहते.

शास्त्र काय सांगते ते पाहा. पुनरुत्थानाच्या सकाळी मरीया मग्दालीया कबरेपाशी रडत उभी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तिला पहिला प्रश्न विचारला जातो तो रडण्याचे कारण काय, हा. आधी देवदूत विचारतात, मग येशू विचारतो. पापे कबूल कर, असे तिला तिथे कोणी म्हणत नाही. तिला नावाने हाक मारली जाते आणि ख्रिस्ती धर्मातली सर्वांत मोठी बातमी देऊन पाठवले जाते. लूक लिहितो की बायकांनी सांगितलेली ही बातमी शिष्यांना वायफळ वाटली. तेव्हाही बाईच्या शब्दाची किंमत एवढीच होती!

पुढे या मरीयेचे काय झाले? लूकच्या आठव्या अध्यायात ती आजारातून बरी झालेली आणि आपल्या पैशाअडक्याने येशूच्या कामाला हातभार लावणाऱ्या बायकांपैकी एक आहे. पण इ. स. ५९१ च्या सुमारास पोप पहिला ग्रेगरी याने एका प्रवचनात तिला आणि सातव्या अध्यायातल्या नाव नसलेल्या पापी स्त्रीला एकच ठरवले. शुभवर्तमानात तसे कुठेही म्हटलेले नाही. तरी तेराशेहून अधिक वर्षे मग्दालीया म्हणजे केस मोकळे सोडून रडणारी पतिता, अशीच चित्रे निघाली. कॅथलिक चर्चने १९६९ च्या सुधारित पंचांगात ही सरमिसळ दूर केली आणि २०१६ मध्ये तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांइतका मान दिला. शोक करणारी एक बाई घेतली आणि तिची पश्चात्ताप करणारी बाई बनवली, याहून स्पष्ट उदाहरण कुठले द्यावे?

हे नुसते चित्रांपुरते राहिले नाही. आयर्लंडमध्ये मग्दालीयेच्या नावाने जोगिणींनी चालवलेली धुलाईघरे होती. लग्नाआधी आई झालेल्या, अनाथ, घरच्यांना नकोशा झालेल्या मुलींना तिथे कोंडून विनावेतन कपडे धुवायला लावत. अत्याचार झालेल्या मुलीही त्यांत होत्या. पाप धुऊन निघावे म्हणून! शेवटचे धुलाईघर १९९६ मध्ये बंद झाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी या प्रकारातल्या सरकारच्या वाट्याबद्दल संसदेत माफी मागितली. म्हणजे पश्चात्ताप ज्यांनी करायचा होता त्यांची पाळी सर्वांत शेवटी आली.

केडगावच्या रात्री

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. कुर्डुवाडीहून पुण्याकडच्या गाडीत बसले की दौंडच्या पुढे केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथे आहे. १९०५ साली याच केडगावात दुःख, पश्चात्ताप आणि आनंद यांचा असा पूर आला की जगभरच्या चर्चच्या इतिहासात त्याची नोंद आहे.

चळवळीतल्या आपण बायका रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' आणि 'द हाय कास्ट हिंदू वूमन' वाचतो, हंटर आयोगापुढची त्यांची साक्ष आठवतो. केडगावच्या त्या रात्रींकडे मात्र आपण पाठ फिरवतो. तो सगळा धर्मवेडेपणा वाटतो. मलाही बरीच वर्षे तसेच वाटे.

तिथे कोण मुली होत्या ते आधी बघायला हवे. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने गेली. भाऊ १८८० मध्ये गेला. लग्न होऊन दोन वर्षे होत नाहीत तोच १८८२ मध्ये पती गेले. उपासमार काय असते ते या बाईला पुस्तकातून कळलेले नव्हते. म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी आल्या. केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात पोचली. दुष्काळात मुलींचा बाजार करणारे दलाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी प्रार्थनेची हाक दिली. जूनपर्यंत रोज जमणाऱ्या बायका साडेपाचशेच्या आसपास गेल्या. जूनच्या अखेरीस मुली मोठमोठ्याने रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या, आणि मग आनंदाने गाऊ, टाळ्या वाजवू, नाचू लागल्या. वेल्समध्ये १९०४ पासून आणि खासी टेकड्यांत १९०५ मध्ये अशीच लाट आली होती. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी १९०६ मध्ये यावर पुस्तिका लिहिली, ती दूर दूर पोचली.

इथे मी अडखळते. ज्या मुलींनी आईबाप मरताना पाहिले, ज्यांना विकले गेले, ज्या सातव्या-आठव्या वर्षी विधवा झाल्या, त्यांनी कसली पापे कबूल करायची? त्या रडण्यात पाप किती आणि साठलेले दुःख किती, हे आज कोण सांगणार? एवढ्या मुलींना मनसोक्त रडायला जागा मात्र त्यापूर्वी कुणी दिली नव्हती, हे नक्की. विधवेचे रडणे अपशकुनी, दुष्काळातल्या पोरीचे रडणे ऐकायला कुणाला वेळ नाही.

मांडवातल्या रात्रीत आणि केडगावच्या रात्रीत मला तीन फरक दिसतात. पहिला, केडगावात बोलावणारी बाई होती आणि ऐकणाऱ्याही बायकाच होत्या. जिने दुःख दिले ती सासू किंवा ज्याने दिले तो दीर समोर बसून ऐकत नव्हता. दुसरा, त्या रडण्याखाली भाकरीची सोय होती. शेती, विहिरी, शाळा, विणकाम, छापखाना. रडून झाल्यावर मुलीला त्याच घरात, त्याच हाताखाली परत जायचे नव्हते. तिसरा, आनंद झाल्यावर त्या मुली गप्प बसल्या नाहीत. त्यांची पथके गावोगाव जाऊन बोलू लागली. ज्यांचा शब्द घरात चालत नव्हता त्या चावडीपुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल वाद घाला, जरूर घाला. पण हा आनंद त्यांना वाकवणारा नव्हता, उभे करणारा होता.

रमाबाई स्वतःही धर्मगुरूंपुढे वाकल्या नाहीत. १८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या जोगिणींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचा. ब्राह्मण पुरोहितांचे जोखड कष्टाने टाकल्यावर दुसऱ्या पुरोहितांचे जोखड मी का घेऊ, असा त्यांचा रोकडा सवाल होता. क्रूसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असेही त्यांनी सुनावले. स्वतःला खरा आनंद मिळाला तो बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, असे त्यांनी १९०७ मध्ये आपल्या साक्षीत लिहिले. घाई कुणाची चालू दिली नाही.

पंढरपूरची लक्ष्मीबाई

आमच्या मोडनिंबपासून पंढरपूर जवळ. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई टिळक लेकराला घेऊन बहिणीच्या आश्रयाने पंढरपुरात राहिल्या. त्या काळातले रडणे 'स्मृतिचित्रां'त आहे. लोक कीव करत, सल्ले देत. कुणी नवऱ्याला दोष देई, कुणी बायकोच्या नशिबाला. पुढे त्या टिळकांकडे गेल्या, पण धर्म लगेच बदलला नाही. सोवळेओवळे सोडायलाही त्यांनी वेळ घेतला. जात माणसाने केली की देवाने, याचा विचार त्यांनी स्वतःशी केला आणि मग बाप्तिस्मा १९०० मध्ये घेतला.

मला त्यांच्या पुस्तकात सर्वांत मोलाचे वाटते ते हसणे. नवऱ्याच्या लहरीपणावर, स्वतःच्या अडाणीपणावर, मिशनच्या रिवाजांवर ही बाई हसते. माझे चुकले, असे जिथे खरेच चुकले तिथे सांगते, आणि तुमचे चुकले, असेही सांगते. दोन्ही सांगता येते तीच बाई मोकळी.

कायद्यातले दुःख

बाईच्या दुःखावर शंका घेण्याची ही सवय कायद्यातही होती. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की काम भागे. बायकोला मात्र बहुतेक वेळा व्यभिचारासोबत क्रूरता किंवा दोन वर्षे टाकून देणे हेही सिद्ध करावे लागे. नुसते हाड मोडले तर विभक्त राहण्याचा हुकूम मिळे, सुटका मिळत नसे. बायका झगडल्या. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली. २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. म्हणजे १३२ वर्षे गेली. पुढे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आला, तो सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे. मैत्रिणींनो, या कायद्याची माहिती आमच्या मंडळ्यांत किती बायकांना आहे? वचने तोंडपाठ असलेल्या बायकांना संरक्षण अधिकारी म्हणजे कोण ते ठाऊक नसते.

पश्चात्ताप म्हणजे परतफेड

पश्चात्ताप नुसता रडून होत नाही, हे बायबलच सांगते. जक्कय नावाचा जकातदार येशूला घरी जेवायला घालतो तेव्हा तो ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे कबूल करतो. तारण आले असे येशू म्हणतो ते त्यानंतर. मत्तयात तर आणखी रोखठोक आहे. वेदीपाशी अर्पण आणले आणि आपल्याविरुद्ध कुणाचे काही गाऱ्हाणे आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचे. देवाकडे नंतर.

मग तो तिसऱ्या रांगेतला नवरा? त्याने दारू सोडण्याचे उपचार घेणे, हाडाच्या इलाजाचा खर्च देणे, बायकोच्या आईने दिलेले डोरले सोडवून आणणे, ती माहेरी राहील तोवर लेकरांचा खर्च पाठवणे, आणि ज्या मांडवात तिला रडवले त्याच मांडवात उभे राहून 'मी मारले' असे म्हणणे, हा पश्चात्ताप. तोवर त्याच्या हाती अर्पणाची थैली देऊ नये. मंडळीच्या वडीलधाऱ्यांनाही पश्चात्तापाची गरज आहे. मोडलेल्या हाताची बाई त्याच घरात परत पाठवली ती त्यांनीच.

आणि क्षमा? क्षमा बाईने करावी की नाही, कधी करावी, हे तिचे तिने ठरवायचे. क्षमा केली म्हणजे पुन्हा एका छपराखाली राहिलेच पाहिजे, असेही नाही. हे दोन्ही एक करून टाकल्यामुळे कितीतरी बायका पुन्हा मार खायला गेल्या.

कबुली जिच्याकडून घेतली जाते ती दुबळी आणि घेणारा बलवान असला की काय होऊ शकते, याची चर्चा २०१८ मध्ये केरळमुळे देशभर झाली. कबुलीत सांगितलेल्या गोष्टींचा आधार घेऊन एका विवाहितेचे शोषण केल्याचा आरोप काही धर्मगुरूंवर झाला. राष्ट्रीय महिला आयोगाने कबुलीची प्रथाच बंद करावी असे सुचवले, चर्चने विरोध केला. माझे मत असे, की प्रथा बंद करणे सरकारचे काम नव्हे. पण ऐकणारी बाई असावी, ही मागणी आपली आहे.

दोन आक्षेप

चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतील, अशा चर्चमध्ये राहतेसच कशाला? त्यांना सांगते, आमच्याकडची ख्रिस्ती बाई दिवसभर द्राक्षबागेत किंवा उसात राबते, सकाळ-संध्याकाळ चूल. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला बसते ते दोन तास कुणी तिला 'ऊठ' म्हणत नाही. ती गाते, रडते, हसते. नाताळच्या आधी दहा-बारा जणी मिळून करंज्या करतात तेव्हाची मजा मला कुठल्या शिबिरात दिसली नाही. तो आनंद तिच्यापासून काढून घेणारी मी कोण? मला फक्त त्या आनंदाआधी मागितली जाणारी खोटी कबुली नको आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच लोकांचा. सध्या प्रार्थनासभांवर आधीच संशयाने पाहिले जाते, कुठे हल्ले होतात, मग घरचे उणे बाहेर कशाला? ही भीती खरी आहे, मलाही आहे. पण बाहेरच्या धाकापायी आतल्या बाईला गप्प बसवणे, हे प्रत्येक समाजाने केले आहे. शाहबानोच्या वेळी आपण हेच पाहिले. आपल्यावर अन्याय होतो म्हणून आपण केलेला अन्याय झाकायचा, हे मला मान्य नाही.

काय करता येईल

मोठ्या मागण्या नाहीत. मंडळीत तंट्याचा निवाडा करणाऱ्यांत निम्म्या बायका असाव्यात. मारहाणीची तक्रार आली की प्रार्थनेआधी दवाखाना आणि पोलीस. साक्ष द्यायला कुणाला आग्रह करू नये, आणि जोडप्याच्या भांडणाची साक्ष माईकवर घेऊच नये. महिला मंडळाच्या वर्षाच्या कार्यक्रमात एक दिवस कायद्याचा असावा. आणि पाळक बायका हव्यात. दक्षिण भारतातल्या चर्चमध्ये २०१३ मध्ये पुष्पा ललिता या नंद्यालच्या बिशप झाल्या. उत्तर भारताच्या चर्चमध्येही १९८० च्या दशकापासून स्त्रियांना दीक्षा मिळू शकते. दार उघडे आहे, आमच्या खेड्यांपर्यंत पाळकबाई पोचत नाहीत, एवढेच.

ती बाई आता पुन्हा माहेरी आहे. शिलाई मशीनवर परकर-पोलकी शिवते. लेकरे तिथल्या शाळेत घातली आहेत. या वेळी आम्ही चौघीजणी तिच्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलो, अर्ज दिला. रविवारी ती उपासनेला येते आणि मागच्या सतरंजीवर बसते. एकदा मी तिला म्हटले, तू त्या रात्री विचारलेस त्याचे उत्तर मी देऊ का? ती म्हणाली, "मला ठावं हाय ताई. त्यास्नी सांगा."

म्हणून हे त्यांना सांगते आहे. तुमच्या गावच्या मंडळीत, मठात, दर्ग्यात, भजनी मंडळात बाई रडते तेव्हा तिला कोण काय विचारते? पाहून कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.